अर्धा परत येणारा डबा

मी लालासाबचा डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, डाव्या अंगाला पोचा आलेला. तो पोचा एस.टी.च्या पायरीवरून पडून आलाय, कुणाच्या भांडणात नाही. उगाच गैरसमज नको. डबा दिसला की लोक विचारतात, आत काय आहे? डबा कसा आहे, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून आज माझं मीच सांगतो.

इचलकरंजीच्या भांड्यांच्या दुकानातून लालासाबच्या बायकोनं, खैरुनबीनं मला आणलं. लालासाब तेव्हा नुकताच कापडाच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला लागला होता. "गळतोय का बघा आधी. आमटी न्यायची हाय," ती दुकानदाराला म्हणाली. त्यानं माझ्यात पाणी भरून, झाकण लावून मला उलटं धरलं. थेंब पडला नाही. त्या दिवसापासून मी या घरचा झालो.

कारखान्यात एवढा खडखडाट असायचा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. त्यामुळे तिथली माणसं आवाज काढायचीच नाहीत. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. लालासाब आणि शेजारच्या मागावरचा बाळासो जेवायला समोरासमोर बसत आणि भाकरी मोडता मोडता दुनियेच्या गप्पा मारत. रविवारी बाळासोचा जोतिबाचा उपवास, मग त्याची साबुदाण्याची खिचडी माझ्या झाकणावर यायची. रमजानात मी घरी बसायचो. ईद झाल्यावर भेटलो की बाळासो ओठांनीच म्हणायचा, "महिनाभर घास गोड लागला न्हाय बघ." ऐकून ऐकून, म्हणजे बघून बघून, मीही ओठ वाचायला शिकलो. डब्याला डोळे कुठले, असं विचारू नका. डब्याला तोंड तरी कुठं असतं? तरी बोलतोयच की!

पुढं मालकानं जुने माग मोडीत काढले. नवे आले, त्यांना माणसं थोडी लागतात, आणि तीही तरणी. बाळासो गावाकडं निघून गेला. लालासाबची दाढी तोवर अर्धी पांढरी झाली होती. खैरुनबीनं मला घासून-पुसून फळीवर ठेवलं आणि काही दिवसांनी माझ्यात सुया, दोरे, बटणं आणून ओतली. मला फार लागलं ते. आमटीचा डबा मी, आणि माझ्यात बटणं! खाली लालासाब पाळीच्या वेळेला उठायचा, तोंड धुवायचा, चपला घालायचा आणि मग कुठं जायचं ते न सुचून दारातच बसायचा. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नसू.

अखेर ओळखीनं कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात काम लागलं. खाटा ओढायच्या, पेशंट उचलायचे, चादरी बदलायच्या. बटणं बाहेर निघाली, आमटी आत आली आणि मी मनातल्या मनात गुलाल उधळला. पण हा आनंद फार टिकला नाही.

पहिल्याच दिवशी लालासाबचं नाव गेलं. वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्या पुरुषांना तिथं 'मामा' म्हणतात. बरं, माग चालवणाऱ्याचा आवाज तो! त्यानं एका पेशंटला "सरका जरा" म्हटलं आणि अख्खा वॉर्ड दचकून उठला. स्वप्नाली सिस्टर धावत आल्या. "मामा, हळू बोला ओ." आता याला बोलायच्या दोनच तऱ्हा ठाऊक. एक घरातली, गल्लीभर ऐकू जाईल अशी, आणि दुसरी कारखान्यातली. मग त्यानं दुसरी धरली. डॉक्टरांनी एक्स-रे कुठंय विचारलं, यानं नुसते ओठ हलवून व्यवस्थित उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?" बाकीचे हसले. "मामांनी मौन धरलंय!" हसण्यात वाईट काही नव्हतं, पण त्या दिवसापासून लालासाबनं बोलणंच सोडलं.

जेवायला तो मागच्या जिन्यात बसायचा. बाकीचे आपापल्या घोळक्यात जेवत. त्यांनी याला बोलावलं नाही, हा आपणहून गेला नाही. एकट्यानं जेवायला बसलं की भाकरी सरता सरत नाही. चार घास खाऊन तो समोरच्या भिंतीकडं बघत राही आणि मग झाकण लावून टाकी. जड पोटानं परत जाताना मला फार एकटं वाटायचं. डबा हलका होण्यासाठी जन्माला येतो हो.

घरी खैरुनबी झाकण उघडून आधी वास घ्यायची.

"मीठ कमी हुतं?"

"न्हाय."

"तिखट झाल्ती आमटी?"

"न्हाय म्हटलं की. भूक न्हवती."

एका संध्याकाळी त्यानं सांगूनच टाकलं. "ह्यो महिना भरला की सोडतो. मला न्हाय जमत. तितं मी कोण हाय, सांग की! या वयात पाटी कोरी करून कुटं बसू?"

खैरुनबी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "सोडा. पर सोडून काय करणार ते आदी सांगा."

तो उठून दारात जाऊन बसला. उत्तर माझ्याकडं होतं. माझ्यातून काढलेली बटणं ज्या बरणीत होती, तिच्याकडं मी बघितलं.

त्याच आठवड्यात दाराजवळच्या खाटेवर धोंडुबाई आल्या. कसबा बावड्याची म्हातारी. घशाचं ऑपरेशन होऊन गळ्याला नळी बसवलेली, त्यामुळे आवाज बंद. लिहिणं कधी शिकलेल्या नाहीत. सिस्टर बिचाऱ्या विचारून दमल्या. पाणी पाहिजे? दुखतंय? कूस बदलू? म्हातारी मान झटकायची, चिडून नळीच ओढायला जायची. मग हात बांधून ठेवायची वेळ आली. तेव्हा तिनं भिंतीकडं तोंड केलं, ते केलंच.

लालासाब मला घेऊन जिन्याकडं निघाला होता. म्हातारीनं त्या क्षणी तोंड फिरवलं आणि तिचे ओठ हलले. लालासाब थबकला. मीही वाचलं. 'म्हशीची धार कोण काढतंय?'

त्यानं मला खिडकीत ठेवलं, तिच्यासमोर उभा राहिला आणि आवाज न काढता विचारलं, 'कुठली म्हस?'

म्हातारीचे डोळे केवढे झाले! 'काळी. दुसऱ्याला हात लावू देत न्हाय. लाथ मारती. दुधानं तटली आसंल गं बया माझी.'

तिची सून निशिगंधा बाहेर बाकड्यावर बसली होती. लालासाबनं जाऊन सांगितलं, तर ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून हसली. "म्हस देती की दूध! आत्यांचं लुगडं नेसून बसतोय मी धारंला. पयल्या दिवशी मारली लाथ, आता न्हाय मारत."

हे त्यानं ओठांनी सांगितल्यावर म्हातारी बिनआवाजाची अशी हसली, की खाट हलली. हात सोडले, तरी तिनं नळीला पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली सिस्टरनी स्वतः स्टूल आणून ठेवलं. "मामा, हितंच बसून जेवा. त्या काय म्हणतात ते आम्हालाही शिकवा." त्याचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. चुकीचं वाचलं की म्हातारी कपाळावर हात मारायची. स्वतःला खाता येत नव्हतं, पण माझ्यात डोकावल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. 'भेंडी अशी चिरत्यात? बायको आळशी दिसती तुझी.' हे त्यानं घरी सांगितलं. "कोण ती म्हातारी?" म्हणत खैरुनबी उसळली आणि दुसऱ्या दिवशी भेंडी बारीक चिरली. मी रोज रिकामा घरी जाऊ लागलो.

पुढं धोंडुबाईंची नळी निघाली, घोगरा का होईना आवाज आला. घरी जाताना त्या जोर लावून म्हणाल्या, "येतो रं लालासाब." त्या दवाखान्यात त्याला नावानं हाक मारणारी ती एकटीच होती. त्याला तिच्या आवाजाची सवय नव्हती, तो तिच्या ओठांकडंच बघत राहिला. ती गेल्यावर त्यानं खाटेची चादर बदलली, स्टुलावर बसून चार घास खाल्ले आणि झाकण लावलं. मी पुन्हा अर्धा परत आलो.

आणि महिना भरला. त्या सकाळी खैरुनबी पीठ मळायला बसली, पण परातीत पाणी ओतेना. फळीवर माझा जीव टांगणीला.

"आज डबा भरू का नको?"

लालासाब शर्टाची बटणं लावत होता. "भर. त्या खाटंवर नवीन पोरगा आलाय. त्येलाबी नळी हाय. भिताडाकडं तोंड करून पडलाय, ओठच हालवंना."

"मग तुमी काय करणार?"

"बसतो की त्येच्याजवळ. हालवंल कवातरी."

तिनं पाणी ओतलं.

तो पोरगा अजून बोललेला नाही. लालासाब रोज स्टूल ओढून त्याच्याजवळ जेवतो आणि वाट बघतो. काही दिवशी मी रिकामा घरी येतो, काही दिवशी अर्धा. खोटं कशाला बोलू? पण रोज जातो.

निरोप घेण्याआधी तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या घरचं माणूस नव्या कामावर जात असेल आणि त्याचा डबा अर्धा परत येत असेल, तर मीठ कमी होतं का, असं विचारू नका. आज कुणाबरोबर जेवलास, ते विचारा.