सुंदररावांची पेंडतुला

सुंदररावांचा एकसष्टावा वाढदिवस नेमका दुष्काळात आला. विहिरीत पोहरा सोडला तर दगडावर वाजायचा, असा तो उन्हाळा. पण साखर कारखान्याच्या चेअरमनचा वाढदिवस कोरडा कसा जाईल? संचालकांनी ठरवलं, साहेबांना तराजूत बसवायचं आणि त्यांच्या वजनाइतकी सरकीची पेंड कारखान्याच्या चारा छावणीत वाटायची.

छावणीत पोती शिवणाऱ्या भिवराबाईला देवच पावला. तिची गाभण गाय कपिली तीन दिवस नुसत्या वाळल्या चिपाडावर होती. "पेंड संपली, गाडी येईना," असं मॅनेजर बिभीषण सांगायचा.

तेवढ्यात खबर आली, साहेबांना साखर झाली! डॉक्टरनं पथ्य लावलं, आठ किलो उतरले. छावणीत सुतक पडलं.

"बायांनो, ह्यो माणूस वाळला तर आपली जनावरं मेली की!" भिवराबाई म्हणाली.

मग काय! ज्यांच्या भाकरीला महिनाभर तेल लागलं नव्हतं, त्या बाया बंगल्यावर लाडू, धपाटे, पुरणपोळ्या पोचवू लागल्या. भिवराबाईनं लेकीच्या बाळंतपणाला जपलेलं अर्धा शेर तूप दिलं. देताना जीव तुटला, पण दिलं. "लोकांचं प्रेम मोडवत न्हाई," म्हणत सुंदररावांनी सगळं चाटूनपुसून खाल्लं. भरल्या पोटाला आग्रह करायची आपल्याकडं रीतच आहे.

वाढदिवसाला साहेबांची तुला एकशे बारा किलोंवर गेली. सगळ्यात जोरात टाळ्या भिवराबाईनं वाजवल्या. मग तिची नजर समोरच्या पारड्यातल्या पोत्यांवर गेली. तोंडं हिरव्या चिंधीनं शिवलेली. सुतळी सरली तेव्हा तिनंच आपलं जुनं लुगडं फाडून शिवली होती. छावणीचीच पोती! पेंड संपली नव्हती, तुलेसाठी दडवली होती.

बिभीषणानं एकेका जनावरापुढं मूठभर पेंड टाकून फोटो काढून घेतले आणि पोती परत गोदामाकडं निघाली. कपिलीनं मूठ चाटली अन् मान वर करून बघत राहिली.

भिवराबाईच्या डोक्यात तिडीक गेली. साहेब अजून पारड्यातच बसून हार घेत होते; ती सरळ तराजूपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, पेंड आमचीच व्हती, मूठभर परत दिली, उपकार झाले. पर तुमच्या वजनात माझं अर्धा शेर तूप हाय. तेवढं उतरवा, मगच खाली उतरा."

आणि तिनं तिथंच फतकल मारली.