खारूच्या जखमेवरचा फेस

(शाळेच्या प्रयोगवहीत लिहितात तसं लिहितेय. भागांचा क्रम चुकलाय. तो का चुकला, ते शेवटी.)

निरीक्षण

शनिवारची सकाळ. पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव. हौसाकाकीच्या अंगणात साठेक माणसं आणि मधोमध गोणपाटावर खारू. काळा, केसाळ कुत्रा. पाठीवर मीठ उडाल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणून काकीच्या नवऱ्यानं, जनूकाकानं, ठेवलेलं हे नाव. डाव्या मांडीवर तळहाताएवढी ओली, लाल जखम, भोवती चिकटलेले केस.

गुणाजी भगतानं लाल फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. आधी काकीच्या तळहातावर धार धरली. काही झालं नाही. खारूच्या पाठीवर धरली. काही नाही. मग जखमेवर. पांढरा फेस फसफसून वर आला आणि खारू किंचाळला.

"जिथं जीव अडकलाय तिथंच उकळी येते," गुणाजी म्हणाला. "माझ्या हातात काय नाय. मी निस्ता पोस्टमन."

साठ जणांनी हात जोडले.

जनूकाका जाऊन दोन महिने झाले होते. गुणाजीच्या म्हणण्याप्रमाणे तो आता खारूच्या मांडीतून बोलायचा. मोठा फेस म्हणजे होय, बारीक म्हणजे नाही. एवढा कुत्रा सोडून आत्मा नेमका मांडीतच का राहायला आला, हे कोणी विचारलं नाही.

काकीनं पदर सावरला, खाली वाकली आणि नवऱ्याला विचारलं, "जेवलात का?"

फेस मोठा आला.

साहित्य

एक मिठागर, जिथं काकानं चाळीस वर्षं मीठ ओढलं. एक कुत्रा, जो काका गेल्यावर घरी राहीना, दिवसभर त्याच्याच वाफ्याच्या बांधावर ओल्यात बसून असायचा. दाट केसांत मुरलेलं खारं पाणी. पिसवा. खाज. कुरतडणं, चाटणं, पुन्हा कुरतडणं.

आणि आमच्या घरातली एक समजूत. मिठागरात पायाला चिरा पडल्या की मिठागराचंच पाणी लावायचं, सुकतं. काकीनं जन्मभर काकाचे पाय तसेच धुतले होते. खारूची जखमही तिनं तशीच धुतली. ती झोंबली, तो अधिकच चाटू लागला. सुपारीएवढा चट्टा दोन दिवसांत तळहाताएवढा झाला.

तेव्हा गुणाजी दारात आला. त्यानं अकरा शनिवार सांगितले. केस कापायचे नाहीत, कापले तर काकाची वाट बंद होईल. दवाखान्यात तर न्यायचंच नाही. बाटली फडक्यात का, तर तीर्थाला उजेड लागला की सत्त्व जातं.

त्यानं सांगितलेलं एवढं एकच खरं होतं.

कृती

मी प्रणिता, जनूकाकाची पुतणी. पेणच्या रामवाडीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. त्या बाटलीत काय आहे ते मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानात मिळतं, उजेडात खराब होतं. धड कातडीवर ते गप्प असतं. कातडी फाटली की रक्तामांसातलं एक द्रव्य त्यातला ऑक्सिजन मोकळा करतं, त्याचेच ते बुडबुडे. रोग असो वा नसो, ते येतातच. वर ते भरून येणारं नवं मांसही जाळतं.

हे सगळं माहीत असून मी काय केलं? चौथ्या शनिवारपर्यंत थांबले. त्या दिवशी अमावास्या होती, गर्दी दुप्पट होणार होती. मला सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं.

दाखवलंही. पिशवीतून कच्चा बटाटा काढला, कापला आणि दुकानातून आणलेल्या माझ्या बाटलीतलं त्यावर ओतलं. फसफसून फेस आला. ते द्रव्य कच्च्या बटाट्यातही असतं.

"गुणाजीबुवा, ह्या बटाट्यात कोण हाय?"

अंगण हसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "विचारा त्याला, भजी व्हायचं का वडा." शिकलेल्यांच्या हातानं तीर्थ बाटतं, असं काहीसं पुटपुटत गुणाजीनं बाटली गुंडाळली आणि चपला शोधल्या.

काकी हसली नव्हती. ती बटाट्याकडे बघत होती.

"मंग ते जेवलेत म्हनाले, ते?"

मी खारूला गोणपाटासकट उचललं.

अनुमान

पेणच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी केस कापले. वरून दिसत होती त्याच्या तिप्पट जखम खाली निघाली, आणि तिच्यात किडे. विष रक्तात गेलं होतं. महिन्यापूर्वी काय करायला हवं होतं, ते डॉक्टरांनी न रागावता सांगितलं. भोवतालचे केस कापायचे, जखम स्वच्छ धुऊन कोरडी ठेवायची, डॉक्टरांना विचारून पिसवांचं औषध द्यायचं, चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालायची. आठ-दहा दिवसांत खपली धरली असती.

खारू मंगळवारी गेला. त्याला काकाच्या बांधावर पुरू, असं मी म्हटलं. काकीनं मान हलवली.

"तिथं खारं हाय गो. झोंबंल त्याला."

परसात, गोड्या मातीत तिनं जागा दाखवली.

उद्देश

हा भाग मी मुलांना सर्वांत आधी लिहायला लावते. माझा राहून गेला होता. लिहिला असता तर तेव्हाच दिसलं असतं की मला गुणाजीला हरवायचं होतं.

भोंदूगिरी उघडी पाडा. जरूर पाडा. पण आधी जनावर दवाखान्यात न्या, बटाटा नंतरही कापता येतो. आणि फेसाला प्रश्न विचारू नका. खारू सतत चाटत होता, कोणाला हात लावू देत नव्हता, धार पडली की किंचाळत होता. त्याचं सांगून झालं होतं.

माती लोटून झाल्यावर काकीनं हात झटकले.

"त्याला लय दुखलं असंल ना गो?"

"व्हय, काकी."

चार शनिवारांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्याच्या उत्तराला बाटली लागली नसती.