साबण लावलेले गज

खरं सांगायचं तर व्हिडिओत दिसतं तसं काही नसतं. किल्ल्याच्या चौकात भन्नाट वारा सुटलाय, एक अख्खं कुटुंब व्हायोलिन-बिओलिन घेऊन वाजवतंय आणि सूर कसे, शेजारी बसून वाजवल्यासारखे स्वच्छ. असं होतं का कुठे? गाणं आधीच घरी, खिडक्यांना गाद्या लावून रेकॉर्ड केलेलं असतं. किल्ल्यावर स्पीकरवर ते लावायचं आणि नुसते हात हलवायचे. मध्येच खरे सूर निघून घोटाळा नको, म्हणून या घरातल्या सासऱ्यांचा नियम असा की निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या गजाला साबण चोळायचा. गजाला राळ लावली तर तो तारेला धरतो आणि तार बोलते. साबण लावला की नुसता घसरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या सकाळी सगळ्यांनी साबण चोळला. सूनबाईने चोळला नाही.

झालं होतं असं. नणंदेचा नवरा म्हणजे या घरात काहीच न वाजवणारा एकटाच, म्हणून कॅमेरा आणि कॉम्प्युटर त्याच्या गळ्यात. आदल्या दिवशी तो नव्या गाण्यातलं एकेक वाद्य वेगळं काढून ऐकत बसला होता. सूनबाई कॉफी घेऊन आत गेली तेव्हा नेमका व्हिओला चालू होता. व्हिओला हा व्हायोलिनचाच जाड आवाजाचा थोरला भाऊ, आणि घरात तो वाजवते सूनबाई. ती कौतुकाने उभी राहिली. तर तो व्हिओला वरच्या एका सुरावर खालून घसरत, लाडात आल्यासारखा चढला. तिचा हात असा कधी घसरत नाही. घसरतो तो सासऱ्यांचा.

"हे कोणी वाजवलंय?" तिने विचारलं.

"बाबांनी. तुम्हाला बोलले नाहीत का, वहिनी?" एवढं म्हणून बिचाऱ्याने जीभ चावली. पण बाण सुटला तो सुटला.

म्हणजे तिचा सगळा भाग सासऱ्यांनी गुपचूप पुन्हा वाजवून ठेवला होता, आणि ती किल्ल्यावर जाऊन त्यांच्या सुरांवर हात हलवणार होती. तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. लग्नाआधीपासून ती वाजवत होती. या घरात आली तीच मुळी त्या वाद्यामुळे. नवऱ्याला सांगावं, तर तो पडला बापाचा लेक. तिने मनाशी ठरवलं, हा आपला शेवटचा व्हिडिओ. संध्याकाळी घरी गेलं की सांगून टाकायचं, तुमचं तुम्ही वाजवा. पण शेवटच्या दिवशी मुकं राहायचं नाही. म्हणून राळ लावलेला गज तिने तसाच पेटीत ठेवला.

किल्ला चढणं हे या कुटुंबाचं एक स्वतंत्र नाटक असतं. सासूबाई उंचीने जेमतेम दाराच्या कडीएवढ्या आणि वाजवतात डबल बेस, म्हणजे कपाटाएवढं धूड. नाकापेक्षा मोती जड. ते धूड मुलगा पाठीवर घेतो, त्याचा चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, जावई घेतो आणि सासरे पुढे चालत "जपून, जपून" एवढंच काय ते उचलतात.

चौकात पोचल्यावर तोफेच्या मागे स्पीकर लपवला, नणंदेच्या ओढणीला आतून चिमटे लावले आणि काम सुरू झालं. सासरे नि नणंद पुढे व्हायोलिन घेऊन, मागे बाकीचे. स्पीकर दणदणत होता आणि त्या दणदणाटाखाली सूनबाई हळूच खरं वाजवत होती. ऐकू फक्त तिच्या हनुवटीला येत होतं. तेवढ्यानेसुद्धा तिला बरं वाटलं.

एवढ्यात किल्ल्याची देखरेख करणाऱ्या बाई आल्या. मागे पर्यटकांचा हा घोळका.

"तुमच्यापायी माणसं केव्हाची दारात उभी आहेत," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "आता यांना एक गाणं वाजवून दाखवा, मग पुढचं चालू करा."

समोर माणसं बसली की सासऱ्यांना भान राहत नाही. "अहो, आनंदाने," असं म्हणून त्यांनी घोळक्यातल्या पोरांना जवळ बसवलं, दोन शब्द बोलले, स्पीकर बंद करायला लावला, ऐटीत मान झुकवली आणि गज ओढला.

फस्स.

नणंदेचंही फस्स. मुलाच्या चेलोचं जरा मोठं फस्स. अंगण झाडल्यासारखा आवाज. साबण! सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पितळ उघडं पडायला इतके लोक कशाला हवेत, एक पुरतो.

आणि त्या फसफशीत एक वाद्य बोलत होतं. सूनबाई आपल्या जागेवर सुरू झाली होती आणि थांबली नाही. आता व्हिओलाला काही गाण्याची चाल नसते. एकटा ऐकला तर फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकल्यासारखा वाटतो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिचे कान तापले.

"चालू दे ग, मी आहे," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांचा बेस बोटांनीच वाजतो, त्यांना साबणाचं काय. त्यांनी ठेका धरला. नणंद हुशार, तिने गज खाली टाकला आणि चाल बोटांनी छेडायला घेतली. मग चेलोही तसाच आला. टपटप, टुणटुण, आणि मधून लांब ओढलेला एकटा व्हिओला. वरचा तो सूर आला तेव्हा सूनबाईने तो सरळ घेतला, न घसरता. सासरे गज हातात धरून नुसते ऐकत होते.

टाळ्या झाल्या. लोक पांगले. सासरे तिच्याजवळ आले.

"साबण नाही लावलास?"

"नाही, बाबा. रेकॉर्डिंगमध्ये मी नाहीच आहे. इथे तरी असावं म्हटलं."

त्यांनी गजावरचा साबण अंगठ्याने पुसला. "तुला कळलं होय."

"कळलं. आणि फार लागलं. मी कमी पडत असेन तर तोंडावर सांगा, शंभरदा वाजवून घ्या. पण माझ्या जागी वाजवू नका."

"सांगायला जड गेलं ग," सासरे म्हणाले. "गुपचूप वाजवणं सोपं वाटलं. चुकलं माझं."

मग ते जावयाकडे वळले. "स्पीकर बंदच ठेव. आत्ता वाजवलं तसंच घेऊ."

"अहो, वारा येईल आवाजात," जावई म्हणाला.

"येऊ दे."

सासरे आपली पुढची जागा सोडून मागे सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सूनबाईला पुढे व्हायची खूण केली. कॅमेरा सुरू झाला. सगळे सासऱ्यांच्या इशाऱ्याची वाट बघत होते आणि सासरे सूनबाईकडे बघत होते. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने श्वास घेतला, मान हलवली आणि गज ओढला.

पहिलाच सूर किंचित उतरलेला लागला. सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.