श्वास चोरण्याची विद्या

तालीम चालू असताना प्रमिलाताई नटांकडे पाठ करून बसत. चेहरा दिसला की कान आळशी होतात, असं त्यांचं मत होतं, आणि प्रमिलाताईंचं मत बदलू शकेल असं माणूस चिक्कडपल्लीत अजून जन्माला आलं नव्हतं. मांडीवर संहिता, हातात पेन्सिल, तोंड भिंतीकडे. नटाने जिथे श्वास घेतला तिथे एक उभी रेघ. शाळेत मराठी शिकवता शिकवता सुरू झालेला हा उद्योग निवृत्तीनंतरही सुटला नव्हता. त्या तेलुगू शहरातल्या मराठी नाट्यमंडळात तीस वर्षांत जो कोणी रंगमंचावर उभा राहिला, त्याचा आवाज आणि दम त्यांच्या हाताखालून गेला होता.

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी रेघा मोजल्या आणि पुन्हा एकदा मोजल्या. प्रयोग दुपारी चारला होता.

हणमंतराव नुकतंच शेवटचं स्वगत संपवून उभे होते. आंधळ्या न्यायाधीशाची भूमिका. याच स्वगताला महिन्यापूर्वी सहा रेघा होत्या. आज चौदा. आणि त्यांतला एकही श्वास खोलीत दुसऱ्या कोणाला ऐकू आला नव्हता. वाक्य कुठे तुटलं नाही, आवाज खणखणीत. ‘प्रेक्षकाला शब्द ऐकू यावा, श्वास नव्हे’ हा प्रमिलाताईंचा पहिला धडा, आणि तो हणमंतरावांइतका कोणी गिरवला नव्हता. खांदा न हलवता, ओठ न उघडता, दोन शब्दांच्या फटीतून ते श्वास असा उचलत की शेजारच्या नटालाही पत्ता लागू नये.

“काका, काय लेव्हल आहे यार!” दिग्दर्शक मंदार टाळ्या वाजवत म्हणाला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर आणि संध्याकाळी नाटकात. “ताई, परफेक्ट ना?”

“जेवून घ्या सगळे,” प्रमिलाताई म्हणाल्या. भिंतीकडचं तोंड त्यांनी लगेच वळवलं नाही.

खरं तर हे त्यांना आजच पहिल्यांदा कळलं असतं तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांपूर्वी रेघा सहाच्या आठ झाल्या, तेव्हाच त्यांच्या कानाला ते खटकलं होतं. त्याच दिवशी पोटावर पुस्तक ठेवून जमिनीवर निजण्याचा नेहमीचा व्यायाम हणमंतरावांनी टाळला. म्हणे गुडघे दुखतात. गुडघ्याचा आणि पाठीवर निजण्याचा काय संबंध, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्या पडल्या मास्तरीण; दम कमी पडतोय म्हटल्यावर त्यांनी मास्तरकीच केली. पेन्सिल घेऊन बसल्या आणि श्वास घ्यायला आणखी दोन सोयीच्या जागा शोधून दिल्या. “इथे घ्या, ‘परंतु’च्या आधी. कोणाला कळणार नाही.” हणमंतरावांनी कागद कपाळाला लावला होता.

आता तो कागद आठवून त्यांना स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटत होती.

रंगपटात हणमंतराव एकटेच खुर्चीत होते. डबा उघडलेला, पोळीला हात लागलेला नव्हता.

“हणमंतराव, चौदा,” प्रमिलाताईंनी दार लोटलं. “खरं सांगा. रात्री झोप लागते?”

“लागते की. खुर्चीत.”

“खुर्चीत का?”

“आडवं झालं की गुदमरतंय जरा.” त्यांनी नजर चुकवली. “रंजनाला म्हटलं, पाठांतर करतोय. तिला खरंच वाटलं. वकिलाची बायको, पण भोळी आहे हो बिचारी.”

“आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.”

“नक्को, बाई.” त्यांनी हात जोडले. त्रेसष्ट वर्षांचा, कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडलेला माणूस. “एकतीस वर्षं झाली मंडळात. मामा झालो, कारकून झालो, एकदा तर नुसतं प्रेत झालो. पयल्यांदाच नाटक माझ्या नावावर आहे. स्पर्धेसाठी मुंबईहून परीक्षक आलेत. माझ्या जागी उभा राहायला कोणी नाही. चार ते सहा, दोन तास फक्त! पडदा पडला की तुम्ही म्हणाल तिथं येतो. आत्ता कोणाला परेशान नका करू.”

प्रमिलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही तो प्रयोग हवा होता. खोटं कशाला बोला, त्यांना तो हणमंतरावांइतकाच हवा होता. हा त्यांचा सर्वांत चांगला विद्यार्थी, आणि ते स्वगत म्हणजे त्यांच्या तीस वर्षांची परीक्षा. दोन तासांनी काय बिघडतं, असं मन म्हणायला लागलं, आणि त्या बाहेर आल्या. तीन वाजेपर्यंत त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

तीन वाजता रंजना आल्या. हातात गजरा, अंगावर नारायणपेठी साडी, तोंडभर हसू. सभागृह निम्मं भरलं होतं. हिमायतनगर, आबिड्स, पार कुकटपल्लीहून मराठी माणसं गाड्या करून आली होती.

“बघा ना प्रमिलाताई,” रंगपटात रंजना खाली बसून नवऱ्याच्या पायात बूट घालायची खटपट करत होत्या. “मागच्या महिन्यात घेतलेत, आज चढेनात. चोवीस तास उभं राहून तालमी केल्या की पाय सुजणारच. ऐकतात का माझं?”

प्रमिलाताईंनी पाहिलं. मोज्याची कड जिथे रुतली होती तिथे खोल खाच पडली होती. आता मात्र त्यांचा धीर सुटला.

“हणमंतराव, उठा. एका श्वासात तीसपर्यंत म्हणा.”

हणमंतरावांच्या डोळ्यांत राग चमकला, पण बायको समोर होती. ते उठले. एक, दोन, तीन. सरळ, एका लयीत, शेवटचा ‘तीस’ सभागृहाच्या मागच्या रांगेत पोचेल असा. रंजनांनी टाळी वाजवली. “अगंबाई! मला तर वीसपर्यंतही जमायचं नाही.”

मंदार दारातून डोकावून अंगठा दाखवून गेला.

प्रमिलाताईंनी सात श्वास ऐकले होते. आठनंतर एक, बारानंतर एक, मग दर तीन आकड्यांना. त्या सोडून तिथे ते ऐकणारं कोणी नव्हतं. हा माणूस असाच रंगमंचावर जाईल, शेवटच्या वाक्यापर्यंत सुरेख बोलेल आणि कोसळेल, आणि लोक त्यालाही अभिनय समजून टाळ्या वाजवतील. हे त्यांना लख्ख कळलं, आणि त्या घाबरल्या.

“रंजना, इकडे या.” त्यांनी रंजनांचा हात धरला आणि हणमंतरावांच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली, दाबून ठेवला. “हात काढायचा नाही. पुन्हा म्हणा, हणमंतराव.”

“बाई, नक्को.”

“म्हणा.”

एक, दोन, तीन. आवाज तोच, खणखणीत. पण सातावर रंजनांचं हसू गेलं. दहावर त्यांनी दुसराही हात पाठीवर ठेवला. तळव्याखाली बरगड्या पिंजऱ्यात अडकलेल्या पाखरासारख्या धडपडत होत्या, आणि वरून तोंड शांतपणे आकडे म्हणत होतं. सतराला रंजना ओरडल्या, “थांबा! थांबा हो! हे काय चाललंय तुमचं?”

मग हणमंतरावांना श्वास चोरायचं भानच राहिलं नाही. ते खुर्चीत बसले आणि उघड्या तोंडाने, घरघरत, हवा ओढायला लागले. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मंदार धावत आला, “ताई, पंधरा मिनिटांत थर्ड बेल आहे, तुम्ही काय केलंत?” म्हणाला, आणि काकांचा चेहरा पाहून तसाच मागे वळला. पडद्यासमोर जाऊन प्रयोग रद्द झाल्याचं त्यालाच सांगावं लागलं.

दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर हणमंतराव मधे, दोघी दोन बाजूंना. चिक्कडपल्लीच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा ते प्रमिलाताईंकडे न बघता, एकेक शब्द तोडत म्हणाले, “माझं... नाटक... घालवलंत... बाई.” प्रमिलाताईंनी ऐकून घेतलं.

दवाखान्यात त्यांना लगेच आत नेलं. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी भरलंय. आज रंगमंचावर गेले असते तर परत आले नसते. आजची आणि उद्याची रात्र सांभाळायची, मग पुढचं बोलू. “दम लागणं, पाय सुजणं एका दिवसात होत नाही. दोन-तीन आठवडे तरी झाले असणार. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?”

“नाही हो,” रंजना रडत म्हणाल्या. “शेजारच्या खोलीत असायचे, मला एकदाही ऐकू आलं नाही. कसली बायको मी!” मग प्रमिलाताईंचे हात धरून म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून. देवासारख्या धावून आलात.”

प्रमिलाताईंना तिथे गप्प बसता आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रेघा असलेली संहिता त्यांच्या पिशवीत होती, ती कोणी उघडून बघणार नव्हतं, आणि हणमंतराव स्वतः कधी बोलले नसते. पण समोरची बाई स्वतःला दोष देत रडत होती, आणि ते त्यांना सहन होईना.

“तुमची चूक नाही, रंजना. मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं.”

रंजनांना आधी नीट समजलंच नाही. “म्हणजे? मग तुम्ही काय केलंत?”

“दम लपवायला आणखी दोन जागा शोधून दिल्या त्यांना.” प्रमिलाताई म्हणाल्या. “आणि आज सकाळी पुन्हा कळलं. तरी तीन वाजेपर्यंत बोलले नाही. मला नाटक हवं होतं.”

रंजनांनी हात सोडले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या समोरच्या बंद दाराकडे वळून बसल्या. तीस वर्षं दर संक्रांतीला प्रमिलाताई त्यांच्या घरी जेवायला असत, मुलीच्या लग्नात मांडवात पुढे होत्या.

दार उघडून नर्स म्हणाली, पेशंटला पाच मिनिटं भेटता येईल, दोघींना येता येईल. प्रमिलाताई उठल्या.

“मी एकटीच जाते,” रंजना म्हणाल्या, आणि दार आतून लोटून घेतलं.