साडेतीन भागिले पाऊण

एकोणीस वर्षं मशीनवर वाकून शिवता शिवता आईच्या कंबरेचा पार भुगा झाला होता. कटिंग टेबलाशी उभं राहून काम करता येतं, म्हणून तिला कटर व्हायचं होतं. मोठेपणाची हौस तिला कधीच नव्हती. पण वर्कशॉपच्या नव्या मॅनेजरनं हातात कात्री द्यायच्या आधी गणिताचा पेपर ठेवला. जो जास्त मार्क मिळवेल तो कटर.

लेक गणित शिकवायला महिनाभर हात धुऊन मागे लागली. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं तर दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं. रोज कामावरून आल्यावर, डोळे मिटत असताना, आई उलटा करून गुणत राहिली. उलटा का करायचा ते लेकीनं सांगितलं नाही, आणि विचारायचं त्राण आईत नव्हतं.

पेपर कटिंग टेबलावरच झाला. साडेतीन मीटर कापड, एका ॲप्रनला पाऊण मीटर, तर ॲप्रन किती? तिनं सात छेद दोन मांडले, तीन छेद चार उलटे केले, गुणलं. चार पूर्णांक दोन तृतीयांश. अगदी बरोबर. पण सवय कुठे जाते? गळ्यातला टेप काढून तिनं टेबलावर साडेतीन मीटरच्या खुणा केल्या आणि पाऊण-पाऊण मोजत गेली. चार झाले, उरला अर्धा मीटर. मग हे दोन तृतीयांश कुठून उपटलं? तिनं ते खोडलं आणि साडेचार लिहिलं.

एका मार्कानं जागा शेजारच्या मशीनवालीला गेली.

"बरोबर आलेलं खोडलंस कशाला?" लेकीनं विचारलं.

"टेपनं मला कधी फसवलं नाही गं."

लेकीनं जुन्या पडद्यातून पाऊण मीटरचा तुकडा कापला, शेजारी अर्ध्या मीटरचा ठेवला. "हा तुझा एक ॲप्रन. यात तीन पाव. उरलेल्यात दोन पाव. तिनातले दोन, म्हणजे दोन तृतीयांश. उरला तो अर्धा मीटर, आई. अर्धा ॲप्रन नाही."

आई बघत राहिली. रडू आलं नाही, नुसता शीण आला. हे पहिल्याच दिवशी पडद्यावर दाखवलं असतं तर? लेकीनं ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी नवी कटर अर्ध्या मीटरचा तुकडा घेऊन तिच्या मशीनपाशी आली. चिंध्यांत टाकू का, म्हणाली.

"टाकू नकोस. पाव मीटर जोड, पुरा ॲप्रन होतो," तिनं सांगितलं, कंबरेचा पट्टा आवळला आणि पुन्हा मशीनवर वाकली.