लाखोरीची भाकर

रक्तात साखर निघाली आणि उमरावांनी भात सोडला. नवेगाव बांधच्या माणसानं भात सोडायचा म्हणजे जेवायचं तरी काय? उमरावांनी परस्पर ठरवलं, लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ. धान उभं असतानाच भाताच्या बांधीत बी फेकून पिकवलेली, घरची, फुकटची. सकाळी लाखोरीची भाकर, दुपारी तिचंच बेसन, रात्री पुन्हा भाकर. असे कित्येक महिने गेले. साखर उतरली, तेव्हा गडी गावभर मिरवून आला.

त्यांची बायको सुशीलाबाई सासूच्या शिकवणीप्रमाणे डाळ भिजवून, उकळून पाणी फेकायच्या, मग वाळवून दळायच्या. ते उमरावांनी पाहिलं आणि खेकसून म्हणाले, "सारा कस फेकून राहिली. कायले?" नवऱ्याच्या तोंडी कोण लागणार? सुशीलाबाई डाळ तशीच दळून आणू लागल्या.

मग उमरावांचे पाय ताठले. चवडे जमिनीला घासू लागले, गुडघे एकमेकांवर आपटू लागले.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, खाणं विचारलं आणि पेन खाली ठेवलं. "मेंदूचा ‘चल’ हा निरोप नसांना एक रसायन देतं, ग्लुटामेट. देऊन झालं की ते बाजूला होतं. लाखोरीत त्याच्यासारखंच एक द्रव्य असतं. ते हटतच नाही, ‘चल, चल’ म्हणत राहतं. त्या माऱ्यानं नसा मरतात."

"परत येतीन?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"मेलेल्या येत नाहीत. आज बंद केलं तर उरलेल्या बहुधा टिकतील. हे द्रव्य पाण्यात उतरतं. डाळ भिजवून पाणी फेकत होतात का?"

सुशीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आपल्याला ठाऊक होतं, तरी आपण गप्प बसलो, हे आता साऱ्या जगासमोर येणार होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी चारचौघांत त्यांचा उद्धार करणारा हा माणूस.

"मीच रांधून खात होतो," उमराव म्हणाले. "हिले काही मालूम नाही."

जन्मात चूल न पेटवलेला माणूस डॉक्टरणीच्या डोळ्यांत बघून धडधडीत खोटं बोलत होता. सुशीलाबाईंना रडू फुटलं.

"नाही, बाई," त्या रडत म्हणाल्या. "यायले चहाबी येत नाही. मीच रांधत होतो."

"पाणी फेकू नोको, असं मीच सांगतलो होतो तिले," उमराव पुटपुटले. लोकांदेखत बायकोला कधी न शिवलेल्या त्या माणसानं तिच्याकडे हात पुढे केला. "रडून कायले राहिली? उठव मले."

सुशीलाबाईंनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.