बहिणीचा दिवा

अनुराग तसा धीट माणूस. सौदी अरेबियातल्या राबिघच्या रिफायनरीत केस पांढरे झालेले, प्रसंगी साहेबाशीही दोन हात करणारा. पण महिनाभरासाठी राहायला आलेल्या आईने आज सकाळी खिडकीत तेलाचा दिवा लावला, आणि तेव्हापासून त्याच्या जिवात जीव नव्हता.

नाशिकला तिला सगळे सुहासिनीकाकू म्हणत. नाव सासरचं, लग्नात बाळकृष्णरावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. मूळची ती पोलंडची, ज्यू. महायुद्धाने अनाथ केलेल्या या पोरीला मुंबईत डॉक्टर असलेल्या मावशीने बोलावून घेतलं. त्याआधी ती आणि धाकटी बहीण ख्रिस्ती नावं घेऊन एका शेतकरणीकडे लपल्या होत्या. सैनिकांनी बहिणीला नेलं, त्या तारखेला आई दरवर्षी दिवा लावायची. अनुरागला एवढंच ठाऊक. पुढचं त्याने कधी विचारलं नाही; आईला त्रास नको, म्हणे! खरं तर त्रास त्यालाच नको होता.

"आई, इथे नको गं. कुणी विचारलं तर काय सांगू? माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नोकरी, सगळं पणाला लागेल."

"आयुष्यभर गप्पच बसले ना? एक दिवा आहे रे," ती म्हणाली आणि तिने दिव्यात तेल घातलं.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची सादिया, माहेरची रेवदंड्याची, सांदणं घेऊन आली होती. दार उघडंच ठेवून ती आत आली आणि दिवा पाहून थबकली.

"काकी, भरदिवसा दिवा? कुणासाठी हो?"

"धाकट्या बहिणीसाठी. याच तारखेला गेली."

"अरेरे. नाव काय त्यांचं?"

"सुमन," अनुराग घाईघाईने म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. एवढी चिडलेली त्याने तिला कधी पाहिली नव्हती.

"सुमन नाही. रूथ," ती सादियाला म्हणाली. "चार वर्षांची होती. सैनिकाने नाव विचारलं. मला शिकवलेलं खोटं नाव मी सांगितलं. तिने खरं सांगितलं. म्हणून ती गेली आणि मी उरले."

सादियाने डबा खाली ठेवला आणि आईचा हात हातात घेतला. अनुराग पडदा ओढायला निघाला होता, तो जागीच उभा राहिला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आणि तुझं, आई? तुझं खरं नाव काय?"

म्हातारीचे ओठ हलले. मग तिची नजर सादियाच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"आधी ते दार लाव," ती म्हणाली.